फाटकाबाहेर सुरू होणारा आजार

वसई तालुक्याच्या पूर्व भागातील चांदीप हे गाव उद्योगधंद्यांच्या नकाशावर ठळक अक्षरांत कोठेही सापडणार नाही. परंतु अशा गावातल्या तरुणाला पोटासाठी जे रस्ते मोकळे आहेत, त्यांपैकी बरेचसे कारखान्याच्या फाटकापाशीच जाऊन थांबतात. दक्षिणेला वालीव, सातिवली, गोखिवरे या परिसरातील पत्र्याच्या छपराखालचे गाळे. उत्तरेला, विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलने गाठता येणारी बोईसरची तारापूर औद्योगिक वसाहत. रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल, कापडावरील प्रक्रिया, प्लास्टिक, धातूला मुलामा चढविण्याचे काम, असा सारा पसारा या दोन टोकांच्या मध्ये मांडलेला आहे. भातशेतीवर वर्ष निघेनासे झालेल्या घरातला मुलगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढतो, पिंपे रिकामी करतो, टाक्या आतून धुतो, ओल्या मालाच्या गोणी खांद्यावरून वाहतो. सहा-आठ वर्षांनी ते काम सुटते. पुढे कधी रिक्षा, कधी बांधकाम, कधी पुन्हा बापाचे शेत. त्यानंतर पंधराव्या वा विसाव्या वर्षी एखाद्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागते, एखाद्याच्या अंगातले रक्तच आटत जाते, एखाद्याला चार पायऱ्या चढताना धाप लागते. डॉक्टर विचारतो, ‘विडी ओढता का?’ ‘पूर्वी कोठे, कशात काम करीत होता?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आणि विचारला गेला तरी त्याचे उत्तर सिद्ध करणारा कागदाचा कपटाही त्या घरात नसतो.

साऱ्या प्रश्नाची गाठ या कपट्यापाशी आहे. कारखान्यातील विषाने होणाऱ्या आजारांविषयी बोलताना मुखवटे, हातमोजे, धुराडी, तपासण्या यांची चर्चा पुष्कळ होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु कोणत्या माणसाने, कोणत्या साली, कोणत्या द्रव्याच्या सान्निध्यात किती काळ काम केले याची नोंद जर कोठेच नसेल, तर आजार असूनही तो ‘व्यावसायिक’ ठरत नाही, कायदा असूनही तो लागू होत नाही, आणि मारेकरी असूनही खुनाची फिर्याद उभी राहत नाही. ही नोंद नसणे हा गबाळेपणा मुळीच नव्हे. ती न ठेवण्यात कोणाचे तरी रोकडे हित आहे.

कारखान्यातल्या मरणाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आवाज करणारा. ऑगस्ट २०२५ मध्ये तारापूर वसाहतीतील एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी वार्ताहर येतात, पुढारी येतात, नुकसानभरपाईचा आकडा जाहीर होतो, चौकशीचा आदेश निघतो. चौकशीचे पुढे काय होते हा वेगळा विषय; पण निदान मेलेल्यांची मोजदाद होते. दुसरा प्रकार मुका आहे. त्यात स्फोट होत नाही, भोंगा वाजत नाही. माणूस घरी मरतो, आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत मरतो, आणि म्हणून तो नैसर्गिक मृत्यू समजला जातो. जगातील कामगारांच्या मृत्यूंचा हिशेब मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वारंवार दाखवून दिले आहे की, कामामुळे मरणाऱ्यांत अपघाताने मरणाऱ्यांपेक्षा आजाराने मरणाऱ्यांची संख्या कितीतरी पट अधिक आहे. वृत्तपत्रे मात्र अजून फक्त स्फोट मोजतात.

या मुक्या मरणाचे वैशिष्ट्य असे की त्याला घाई नसते. बेंझिन हे द्रव्य श्वासावाटे शरीरात शिरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि त्यातून निर्माण झालेली विषे हाडांच्या मगजावर, म्हणजे जेथे रक्त तयार होते त्या गाभ्यावरच, आघात करतात. प्रथम रक्तपेशी कमी होतात. काहींच्या बाबतीत पुढे रक्ताचा कर्करोग होतो. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारखी अमाइने मूत्राशयात जाऊन बसतात. तेथील कर्करोग दिसू लागण्यास वीस-वीस वर्षे लागू शकतात. धातूला क्रोमचा मुलामा देणाऱ्या टाकीवरची वाफ नाकाच्या आतला पडदा खाऊन त्याला भोक पाडते. ते तुलनेने लवकर दिसते, पण त्याच क्रोमियमने फुप्फुसाचा कर्करोग व्हावयाचा तो पुष्कळ मागाहून. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंना तर तीस-चाळीस वर्षांचा अवधीही जास्त वाटत नाही. मालकाचा ताळेबंद वर्षाला मिटतो, ठेकेदाराचा करार बहुधा त्याच्याही आत. शरीराचा ताळेबंद निघतो तो पाव शतकानंतर. या दोन कालगणनांमधील अंतर हेच मालकवर्गाचे अभयारण्य आहे.

मग हे सारे कळले तरी कसे? याचे उत्तर कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यातच आजच्या ठेकेदारी पद्धतीचे खरे स्वरूप उघडे पडते. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याने फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या कारखान्यातील तीन कामगारांच्या मूत्राशयात कर्करोग पाहिला. तिघेही दीर्घकाळ त्याच कामावर होते, म्हणून त्याला संशय आला. १९७४ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे व्हिनाइल क्लोराइडपासून प्लास्टिक बनविणाऱ्या एका कारखान्याच्या डॉक्टरला यकृताचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग त्याच एका कारखान्यातील तीन कामगारांत आढळला. इतका दुर्मीळ रोग एका फाटकाच्या आत तिघांना होतो हा योगायोग नव्हे, हे त्याने ताडले. त्याच १९७४ साली इस्तंबूलच्या मुझफ्फर अक्सॉय या वैद्याने जोडे बनविणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण जगापुढे मांडले. कोंदट, लहान कारखान्यांत हे लोक बेंझिनमिश्रित डिंक वापरीत असत. ज्याला वालीवच्या गाळ्यात थिनरचा वास आला असेल, त्याला इस्तंबूलचे ते कारखाने डोळ्यांपुढे आणण्यास फारसे कष्ट पडू नयेत.

या तिन्ही ठिकाणी विज्ञानाच्या हाती धागा लागला, कारण माणसे एका जागी, निदान एका धंद्यात, टिकून होती. कोण, कोठे, किती वर्षे, हे कोणाला तरी ठाऊक होते. आता हेच लुईव्हिल तारापूरला आहे असे समजा. तिघांपैकी एक परत आझमगडला गेला आहे, दुसरा जव्हारच्या पाड्यात आहे, तिसरा चांदीपला. तिघांचे तीन ठेकेदार, त्यांतील दोघांनी धंद्याचे नाव बदललेले. एक सरकारी इस्पितळात मेला, एक भगताच्या दारात, एकाचे निदान ‘क्षय’ असे झाले. कोणता डॉक्टर यांची बेरीज करणार? तीन हा आकडा तयार व्हायलाच कोणी शिल्लक ठेवलेले नाही. ठेकेदारी पद्धतीवर आजवर जी टीका झाली ती मुख्यतः मजुरीच्या लुटीवर, बोनस-भविष्यनिर्वाह निधीच्या बुडवेगिरीवर. ती टीका खरी आहे, पण अपुरी आहे. कायम कामगाराच्या जागी बदलता मजूर आणणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे. ज्या कामात विष सर्वांत जास्त, म्हणजे टाकी धुणे, गाळ उपसणे, पिंपे रिकामी करणे, नेमक्या त्याच कामांवर ठेक्याचा मजूर लावला जातो, यात अपघात काही नाही. विष आधी कायम कामगारापासून दूर नेले जाते आणि मग मजूरच विषापासून, आणि कारखान्यापासून, दूर फेकला जातो.

यावर कोणी म्हणेल की कायदा आहे. कायदा आहेच, तो वाचला पाहिजे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, जो २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ या नावाने ओळखला गेला, त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी होती. बेंझिन, क्रोमियम, पारा यांचे विकार त्या यादीच्या दुसऱ्या भागात. यादीतील आजार त्या धंद्यातील कामगाराला झाला तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरीत असे. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. एवढी न्याय्य तरतूद परकीय राजवटीतील कायद्यात यावी याचे नवल वाटेल. पण पुढचे वाक्य वाचले की नवल ओसरते. त्या मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असली पाहिजे, आणि या सहा महिन्यांत दुसऱ्या मालकाकडे त्याच प्रकारच्या कामावर केलेली नोकरी धरावयाची नाही! पाच महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची, एकाच माणसाला एकाच टाकीवर ठेवून कागदावर ठेकेदार बदलण्याची कला ज्यांना अवगत आहे, त्यांच्या दृष्टीने हा कंस म्हणजे सोन्याची खाण होय. शरीर मात्र असले कंस मानीत नाही. दहा मालकांकडे पाच-पाच महिने हुंगलेले बेंझिन हाडाच्या मगजाच्या लेखी पन्नास महिन्यांचेच असते.

त्याच कायद्याचे दहावे कलम याहून बोलके. काम सोडलेल्या कामगाराला पुढे त्या धंद्याच्या आजाराची लक्षणे दिसली, तर लक्षणे दिसल्याचा दिवस हाच अपघाताचा दिवस धरावा, ही सवलत त्यात होती, परंतु केव्हा? लक्षणे काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली तर. मूत्राशयाच्या कर्करोगाला वीस वर्षे लागतात आणि कायदा दोन वर्षे थांबतो! उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला होता हे खरे. पण ज्याच्या हाती हजेरीचा पुरावाही नाही, तो आयुक्ताच्या दारापर्यंत पोहोचणार कसा? १९२३ साली या रोगांच्या दीर्घ पल्ल्याविषयी अज्ञान होते असे म्हणावे, तर रेनचा शोध त्याआधी अठ्ठावीस वर्षांचा. आणि १९७४ नंतर तर अज्ञानाची सबब कोणालाच उरलेली नव्हती.

भोपाळनंतर काय झाले हेही पाहावे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या वायूने हजारो माणसे मारली, आणि १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे एक नवे प्रकरण घालण्यात आले. द्रव्यांच्या धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहता याव्यात, असे कलम ४१-सी ने सांगितले. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती हवी असे ठरले. व्यावसायिक आजार आढळल्यास तो कळविण्याचे कर्तव्य कलम ८९ ने व्यवस्थापकावर आणि डॉक्टरवरही टाकलेले होतेच. न कळविणाऱ्या डॉक्टरला दंड किती, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. इतक्या स्वस्तात गप्प राहता येत असताना कोणता डॉक्टर कारखानदाराशी वैर पत्करील?

आणि हे सारे आता नव्या वेष्टनात गेले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. १९४८ चा कारखाने कायदा आणि १९२३ चा भरपाईचा कायदा त्यांत विरून गेले. सुधारणा म्हणून जिचे ढोल वाजविले जात आहेत त्या सुरक्षा संहितेत, विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेलेली आहे, आणि ठेका मजुरांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर. गाळ्यागाळ्यांतून विखुरलेल्या वसईच्या उद्योगाला ही आकडेमोड किती सोयीची आहे हे वेगळे सांगावयास नको. प्रत्येक धोकादायक कारखान्यात जी सुरक्षा समिती असलीच पाहिजे होती, तिचा प्रश्न आता सरकारी आदेशाच्या मर्जीवर सोडला आहे. वर्षातून एकदा फुकट वैद्यकीय तपासणीचे आश्वासन आहे, ते स्वागतार्ह. पण ती तपासणी नोकरीत असलेल्याची. आजार ज्या दिवशी फाटकाबाहेर डोके वर काढील त्या दिवशी हा मनुष्य कोणाच्या यादीवर असेल, या प्रश्नाला त्या आश्वासनात उत्तर नाही.

उत्तर अगदीच कोणी दिलेले नाही असे मात्र नव्हे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगासंबंधीच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि तो हक्क नोकरी संपल्याने संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने आकडा सांगितला: कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांतील जो काळ उशिरा संपेल तोवर जतन केली पाहिजे. शरीराची कालगणना आणि कायद्याची कालगणना यांचा मेळ या देशात प्रथमच कोणी घातला असेल तर तो येथे. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, विजय कान्हेरे आणि डॉ. व्ही. मुरलीधर यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा किंवा अधिक वर्षे काम केलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. पाचापैकी एकाहून अधिक! हे ४१ जण सापडले, कारण ते मोजता येण्याजोगे होते, एका कारखान्याचे, एका पटावरचे. जो न्याय ॲस्बेस्टॉसला तो बेंझिनला का नाही, अमाइनांना का नाही, क्रोमियमला का नाही? तंतू फुप्फुसात राहतो आणि वाफ उडून जाते, म्हणून वाफेचा गुन्हा कमी होतो काय?

तारापूरच्या बाबतीत एक उपरोध नोंदविण्यासारखा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात या वसाहतीला ९३.६९ गुण मिळाले. देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र हा किताब पालघर जिल्ह्याच्या पदरी पडला. किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संघटनेने खाड्या आणि मासेमारी यांच्या नाशाबद्दल २०१६ मध्ये हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसविली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मच्छीमारांच्या या लढ्याला कार्यकर्त्यांनी मनापासून दाद द्यावी. परंतु हेही ध्यानात घ्यावे की तो निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन मोजतो. नाल्यात जे पाणी पाच किलोमीटरवर जाऊन मासा मारते, ते ज्याच्या हातून वाहिले त्या माणसाचे रक्त त्या ९३.६९ मध्ये कोठेही नाही. खाडीला वादी मिळाला. टाकी धुणाऱ्याला अजून मिळालेला नाही.

का मिळाला नाही, याचा विचार करताना बोट स्वतःकडेही वळवावे लागेल. कामगार संघटनांनी रासायनिक कारखान्यांत जे करार केले, त्यांत विषाचे काय झाले? अनेक ठिकाणी त्याचा भत्ता झाला. पाळीमागे दूध, धुळीच्या खात्यात गूळ, वर्षाला दोन साबण, आणि ‘धोका भत्ता’ म्हणून महिन्याला काही रुपये. दूध हे चांगले अन्न आहे आणि ते कामगाराच्या पोटात जात असेल तर आनंदच आहे. पण दुधाने बेंझिन उतरत नाही. तो भ्रम मालकाला हवाच होता. खेदाची गोष्ट ही की तो संघटनेच्या मागणीपत्रातही शिरला. भत्ता स्वीकारणे म्हणजे मगजाची किंमत ठरविणे, आणि तीही बेंझिन काय करते हे न सांगता ठरविलेली. शिवाय हा भत्ता कायम कामगाराला. टाकीत उतरणारा ठेक्याचा मजूर मागणीपत्राच्या बाहेरच. एकाच टाकीच्या काठावर उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाला दूध आणि दुसऱ्याला वाफ, ही वाटणी मालकाने केली खरी, पण तिच्यावर सही दोघांची आहे.

कामगारांच्या बाजूने येणारा एक आक्षेप मात्र हलक्या हाताने झटकण्यासारखा नाही. तपासणी झाली, रक्तात दोष सापडला, की मालक पहिल्यांदा त्या माणसालाच काढतो. म्हणून कामगार तपासणी टाळतो, खोकला लपवितो, डॉक्टरला ‘बरे आहे’ असे सांगतो. ही भीती अज्ञानातून आलेली नाही, अनुभवातून आलेली आहे. तेव्हा नुसती ‘तपासणी करा’ ही मागणी अर्धवट आणि प्रसंगी घातकही ठरेल. तपासणीचा कागद मालकाच्या फायलीत नव्हे तर प्रथम कामगाराच्या हातात. दोष आढळल्यास त्या कामावरून हलवून त्याच पगारावर दुसरे काम. आणि तपासणीच्या आधी, तिच्यावर अवलंबून न राहता, कामाची आणि द्रव्याची नोंद, हा क्रम सोडता कामा नये. आजाराची नोंद माणसाला बेकार करू शकते, म्हणून ती लपविण्याचा मोह होतो. कामाची नोंद लपविण्यात हित फक्त मालकाचे.

मालकांचा आक्षेप ठरलेला आहे: असे जाच वाढले तर कारखाने वापीला जातील. वापी डहाणूच्या पलीकडे काही कोसांवर आहे आणि तेथील कामगारांच्या शरीरातही मगज आहे. १९७४ साली व्हिनाइल क्लोराइडची कारखान्यातील मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५०० वरून एका भागावर आणण्याचे अमेरिकेत ठरले, तेव्हा तेथील प्लास्टिकवाल्यांनीही उद्योग बुडाला असा आकांत केला होता. उद्योग बुडाला नाही. प्लास्टिकने जग भरले. आणि येथे तर मागणी यंत्र बदलण्याचीही नाही, ती दुसरी पायरी. पहिली मागणी एका वहीची आहे. वहीच्या खर्चाने जो उद्योग बुडतो, त्याला वाचविण्यासाठी कोणी रडण्याचे कारण नाही.

ही वही कशी असावी, याचा तपशील निरस वाटला तरी सांगितला पाहिजे. मूळ कारखान्याचे नाव आणि पत्ता, केवळ ठेकेदाराचे नव्हे. खाते आणि प्रत्यक्ष काम. पिंपावर लिहिलेले द्रव्याचे नाव, जसेच्या तसे. त्याचे छायाचित्र आजकाल कोणाच्याही खिशातील फोनने निघते. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. हजेरीपत्रक, फाटकाचा परवाना, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा आणि कामगार विम्याचा क्रमांक. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे, म्हणजे पुढे साक्षीला माणूस सापडेल. द्रव्याच्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला १९८७ पासून मिळालेला आहे. तो किती जणांनी बजावला, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःला विचारण्यासारखा आहे. संहितेच्या नियमांत अशी नोंदवही, ठेक्याच्या मजुरासह प्रत्येकासाठी, चाळीस वर्षांच्या जतनासह सक्तीची करण्याची मागणी विधानसभेत आणि रस्त्यावर लावून धरावयाचीच आहे. पण सरकार ती देईपर्यंत थांबण्याचे बंधन कोणावरही नाही.

कारण असे काम याआधी झालेले आहे, आणि तेही वसईपेक्षा किती तरी अधिक हालाखीच्या मुलखात. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला जात. त्यांच्या फुप्फुसांत सिलिका साठली. ते गावी परतले आणि पाड्यापाड्यांतून मरू लागले. कारखाने एका राज्यात, मढी दुसऱ्या राज्यात, आणि नेमणुकीचा कागद कोणाकडेच नाही: चांदीपच्या माणसाची अडचण तीच, फक्त अधिक भीषण रूपात. तेथील कार्यकर्ते कारखान्यांच्या फाटकापाशी नव्हे, तर गावोगाव गेले. घरोघर बसून कोण कोणत्या कारखान्यात कोणत्या साली गेले आणि केव्हा मेले, याच्या याद्या केल्या. त्या याद्या मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या. आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम देण्याचा आदेश दिला. तीन लाखांत माणूस परत येत नाही. पण ज्यांना कोणताही मालक आपला मजूर म्हणावयास तयार नव्हता, त्या २३८ जणांना निदान त्यांच्या कामाचे नाव मिळाले, आणि ते मिळाले गावात बसून लिहिलेल्या यादीमुळे.

वसई-पालघर पट्ट्यात ही यादी कोठून सुरू करावी, यावर बैठका घेण्याची आवश्यकता नाही. विरारच्या फलाटावर पहाटेच्या डहाणू लोकलची वाट पाहणारे डबेवाले हात, महामार्गावर टेम्पोत चढणाऱ्या बाया, चांदीपसारख्या गावात दुपारी ओसरीवर बसलेले, पन्नाशीच्या आतच थकलेले पुरुष. यांतील शेवटच्यांपासून आरंभ करणे बरे, कारण त्यांचा वेळ थोडा आहे. आज विशीतला जो मुलगा पिंपाला हात लावील, त्याची वही न्यायालयाच्या हिशेबाने २०६६ पर्यंत तरी जपावी लागेल. ठेकेदार तोवर राहणार नाही, कारखान्यावर बहुधा दुसरीच पाटी असेल. ती वही ठेवण्यासाठी एका कपाटाची, दोन प्रतींची, आणि दर सहा महिन्यांनी गावात जाऊन नवी पाने भरून आणणाऱ्या एका माणसाची गरज आहे. त्या माणसाचे नाव प्रत्येक तालुका समितीने पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहावे.